लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी गाडी निवडताना: आधी वाट, मग वजन, मग गाडी

इंदूरहून लेह, स्पिती, कच्छ किंवा नेपाळला स्वतःच्या गाडीने जायचं ठरलं की पहिली चूक बहुतेक शोरूममध्येच होते. गाडी डोळ्यांत भरते, बयाणा दिला जातो आणि मग त्या गाडीत आपला प्रवास कोंबायची ओढाताण सुरू होते. दुसरी चूक म्हणजे सगळी चर्चा फोर बाय फोरभोवती (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी सोय) फिरते आणि गाडी किती वजन वाहू शकते हे कुणी विचारत नाही. वाटेत त्रास मात्र याच दुसऱ्या गोष्टीचा होतो: शॉकअप बसतात, टायर फुटतात, उतारावर ब्रेक तापून कमी धरतात.

गाडी नवी घ्या की जुनी, खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. इंजिन कोणतं हवं याचं उत्तर पहिले दोन टप्पे केल्याशिवाय निघत नाही.

## टप्पा १: वाट कागदावर उतरवा

प्रवासाचा बराचसा भाग गुना-शिवपुरी-ग्वाल्हेरसारख्या महामार्गावर जाणार. तिथे कोणतीही धड गाडी चालते. गाडी ठरते ती उरलेल्या वाईट पट्ट्यावर. म्हणून एवढं लिहून काढा:

१. सगळ्यात वाईट पट्टा कोणता: दगड, वाळू, चिखल, बर्फ की ओढे?
२. सगळ्यात उंच खिंड किती मीटरवर?
३. दोन पंपांमधलं सगळ्यात मोठं अंतर किती?
४. महिना कोणता?
५. माणसं किती आणि रात्री झोपणार कुठे, हॉटेलात, तंबूत की गाडीतच?

तिसऱ्या प्रश्नाचा हिशोब असा करा. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. मध्ये कुठे सोय झाली असेल तर चांगलंच, पण हिशोब ३६५ चाच धरा. महामार्गावरच्या ॲव्हरेजचे ७० टक्के घ्या आणि येणाऱ्या लिटरांत २५ टक्के वाढवा. महामार्गावर १२ देणारी गाडी डोंगरात साधारण ८.४ देईल. म्हणजे ४३.५ लिटर, आणि राखीव धरून ५४. टाकी ५७ लिटरची असेल तर काम भागलं. मारुती जिमनीची टाकी ४० लिटरची आहे. महामार्गावर १६ धरलं तरी याच हिशोबाने ४१ लिटर लागतात. म्हणजे ५ लिटरचा एक कॅन सोबत हवा, आणि त्याचं वजन पुढच्या टप्प्यात मोजायला हवं.

सावधान: कॅन धातूचा, घट्ट झाकणाचा जेरीकॅनच घ्या. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल भरू नका. उंचीवर तो फुगतो आणि झाकणातून वाफ सुटते.

## टप्पा २: वजनाचा हिशोब

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच टाळला जातो. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढा टप्पा नीट करा.

प्रत्येक गाडीचं भरलेलं कमाल वजन ठरलेलं असतं. ते मालकाच्या पुस्तिकेत सापडतं, बऱ्याच गाड्यांत दाराजवळच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवरही असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती गाडीची कुवत. माणसं, सामान, पाणी, कॅरिअर, ॲक्सेसरीज, सगळं त्यातच बसायला हवं.

पाच दारांच्या जिमनीचं उदाहरण घ्या. भरलेलं कमाल वजन १,५४५ किलो, रिकामी गाडी साधारण १,२१० किलो, कुवत ३३५ किलो. आता एक कुटुंब बसवू:

- नवरा ७५, बायको ६५, दोन मुलं ४५ आणि ३५: एकूण २२० किलो
- कपड्यांच्या बॅगा, प्रत्येकी १२: ४८ किलो
- पाणी २० लिटर: २० किलो
- हत्यारं, हवेचा पंप, ओढायचा पट्टा: १२ किलो
- ५ लिटर पेट्रोल कॅनसकट: ५ किलो
- शेगडी, भांडी, खाणं: २० किलो
- अंथरुण-पांघरुण: २० किलो

बेरीज ३४५ किलो. कॅरिअर न बसवताच गाडी १० किलोने वर गेली. यात शेव, परमल आणि आईने दिलेले लाडवाचे डबे धरलेले नाहीत. इंदूरहून निघालेल्या गाडीत ते असतातच आणि कधीच कमी नसतात. याचा अर्थ जिमनी वाईट असा नाही. दोघांसाठी ती फार चांगली गाडी आहे. चौघांना घेऊन मुक्कामी प्रवासाला मात्र ती पुरत नाही.

कुवतीच्या ८० टक्क्यांवर थांबा, असं आमचं मत. खराब रस्त्यावर प्रत्येक खड्डा ते वजन क्षणभर वाढवतो आणि उरलेले २० टक्के तिथे खर्च होतात.

काही ठोक आकडे हाताशी ठेवा. डिझेल लिटरला साधारण ०.८३ किलो, पेट्रोल ०.७४ किलो. छपरावरचा तंबू ५० ते ७० किलो. १०० अँपिअर-अवरची साधी बॅटरी २५ ते ३० किलो, तेवढ्याच क्षमतेची लिथियम १२-१३ किलो. छपराची चालत्या गाडीतली मर्यादा वेगळी दिलेली असते आणि ती बहुतेक गाड्यांत १०० किलोच्या आतच असते. तंबू लावला की छपरावर दुसरं काही ठेवायला जागा उरत नाही असंच समजा.

तपासणी: आपल्याकडे सध्या जी गाडी आहे तीच एकदा काट्यावर घाला. देवास नाक्याकडे ट्रकांचे धर्मकाटे आहेत. आधी टाकी फुल करून, आत कुणी न बसता वजन घ्या. मग प्रवासाचं सगळं सामान आणि सगळी माणसं घेऊन दुसरं वजन. त्यानंतर फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. ट्रकांच्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक पडतो, तो सोडून द्या. या पावत्यांमुळे घरातला अर्धा वाद मिटतो: आपला बोजा नेमका किती हे कळतं, आणि कोणत्या गाड्या यादीतून बाद होतात हेही.

## टप्पा ३: इंजिन आणि इंधन

उंचीवर हवा विरळ होते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. लेहजवळच्या, ५,३५९ मीटरवरच्या खार्दुंगला खिंडीत निम्मीच शिल्लक राहते. टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो. टर्बो नसलेली गाडी वर चढत नाही असं नाही, पण ती भरलेली असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रमते.

डिझेल. बोजा जास्त, अंतर लांब, तर आजही पहिली पसंती डिझेललाच. पण बीएस-६ डिझेल (एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या; बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) घेताना दोन गोष्टी समजून घ्या. एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर काजळी जाळून साफ होतो आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं सलग चालावी लागते. पलासिया ते राजवाडा एवढंच रोजचं चालणं असेल तर फिल्टर प्रवासाआधीच अर्धा भरलेला असतो आणि डोंगरात दिवा लागतो. निघण्याआधी बायपासवर साठच्या वर वेगाने सलग अर्धा तास चालवून घ्या. दुसरं, काही गाड्यांत डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावण लागतं. ते संपलं की काही किलोमीटरांनंतर गाडी पुन्हा सुरूच होत नाही, आणि उणे ११ अंशांना ते गोठतं.

थंडीत साधं डिझेलही मेणासारखं घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं. ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर खालचं डिझेल टाकीत कमी राहील अशा बेताने लेह गाठा आणि तिथलं भरा.

पेट्रोल. एप्रिल २०२३ च्या आधीची जुनी गाडी घेत असाल तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती बनलेली आहे का, हे पुस्तिकेत पाहा. नसेल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

सावधान: उत्तरेकडे जाताना दिल्ली परिसर लागतो. तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल यांवरचे नियम न्यायालयात वेळोवेळी बदलतात. हिवाळ्यात प्रदूषण वाढून ग्रॅपचा (दिल्ली परिसरातल्या प्रदूषणावरच्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांचा) तिसरा टप्पा लागला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडात बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल चारचाकींना बंदी येते. स्वस्तात मिळालेली बीएस-४ डिझेल घेण्याआधी आपली वाट दिल्लीतून जाते का ते पाहा.

## टप्पा ४: फोर बाय फोर, गिअर, टायर

मनाली-लेह किंवा स्पिती हंगामात करायचं असेल तर २०० मिलिमीटरच्या आसपास ग्राउंड क्लिअरन्स, धड टायर आणि पूर्ण मापाची स्टेपनी असलेली फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना ताकद मिळणारी, गाडी पुरते. फोर बाय फोर लागतं ते चिखल, बर्फ, वाळू आणि खोल ओढ्यांसाठी. त्यातही लो गिअर हवा, कारण त्याचा खरा उपयोग चढण्यापेक्षा उतरताना होतो: ब्रेकवर पाय न ठेवता गाडी पावलापावलाने खाली येते.

फोर बाय फोरमुळे ब्रेकचं अंतर एक फूटही कमी होत नाही, हे गाडी चालवणाऱ्याच्या मनात पक्कं हवं. लिव्हरने लागणारं साधं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून वळवू नका. पुढच्या-मागच्या आसांत ताण अडकतो आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जाते.

ऑटोमॅटिक घ्यायची तर टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी). कोरड्या क्लचची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घाटातल्या रांगेत इंचाइंचाने सरकताना तापते आणि सूचना देऊन थांबते.

टायरवर तीन गोष्टी वाचा. चार आकडी तारीख: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी चांगली दिसली तरी लांबच्या प्रवासाला नको. नक्षीची खोली: कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर, प्रवासाला किमान ३. आणि भाराचा आकडा: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. काट्यावर मागच्या चाकांचं वजन १,२५० किलो भरलं असेल तर ९१ चे दोन टायर (१,२३० किलो) कमी पडतात. दुकानदार टायर रुंद सुचवतो, भार तपासत नाही.

मालव्यातल्यांसाठी एक गोष्ट. ऑल-टेरेन टायर घेतले म्हणून पावसाळ्यात काळ्या शेतात गाडी घालू नका. काळी माती चार फेऱ्यांत नक्षी गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे चारही चाकं फिरतात आणि गाडी जागच्या जागी रुतत जाते.

## टप्पा ५: टेप घेऊन जा

गाडीत झोपणार असाल तर शोरूममध्ये सीटा पाडून आडवे व्हा. विक्रेता हसला तर हसू दे. चालकाच्या सीटमागून डिकीच्या दारापर्यंत १८३ सेंटिमीटर हवेत. चाकांच्या कमानींमधली रुंदी, आणि बसल्यावर डोकं छताला लागतं का, तेही मोजा. मागच्या सीटा कायमच्या काढायचा बेत असेल तर थांबा. आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते आणि तो बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही.

सुट्या भागांचं घरबसल्या तपासा. फोर्सचा कारखाना पीथमपूरला आहे, म्हणून गुरखाचे भाग इंदुरात मिळायला अडचण नाही, हे खरं. पण गाडी इंदुरात बिघडणार नाही. मंडी, लेह किंवा आपल्या वाटेवरच्या शेवटच्या मोठ्या गावातल्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा: डिझेल फिल्टर, क्लच प्लेट, पुढच्या चाकाचं बेअरिंग सध्या स्टॉकमध्ये आहे का? ‘मागवून देऊ’ हे उत्तर आलं तर विचारा किती दिवसांत.

## टप्पा ६: जुनी गाडी तपासणे

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

१. थंड इंजिन. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसली तर पाणी ऑइलमध्ये जातंय. कूलंटवर तेलाचा तवंग असेल तर तीच गोष्ट उलट बाजूने. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा.

२. सुरू करताना. काळा धूर क्षणभर येऊन गेला तर चालेल. निळा धूर टिकला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर आणि गोडसर वास म्हणजे कूलंट जळतंय. मग ऑइलचं झाकण सैल करा. ते उडू पाहत असेल किंवा खालून भपकारे येत असतील तर पिस्टन रिंगा गेल्या.

३. क्लच. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा.

४. खालून. पिटवर किंवा लिफ्टवर घेऊन चासीच्या दोन्ही पट्ट्या टॉर्चने पाहा. नवी वेल्डिंग, फक्त एकाच ठिकाणी नवा रंग, वाकलेली पट्टी यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबा. बाकीचं सगळं दुरुस्त होतं, चासी होत नाही.

५. पुराची गाडी. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातीची रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडी पाण्यात होती. आतला दिवा आणि डॅशबोर्ड कितीही चकचकीत असो.

६. फोर बाय फोर. मातीच्या मैदानात हाय आणि लो दोन्ही लावून पाहा. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर जाम झालेला सापडतो.

७. स्कॅनर. ओबीडी (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून बिघाडाचे कोड वाचा. सगळे कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं. डीपीएफ किती भरलाय हेही बहुतेक गाड्यांत दिसतं.

तपासणी: मीटरवरचे किलोमीटर अधिकृत सर्व्हिसच्या नोंदींशी जुळतात का? नोंदीच नसतील तर मीटरवर विश्वास ठेवू नका. स्टीअरिंग आणि पेडलची झीज पाहून किंमत ठरवा.

## टप्पा ७: भरलेल्या गाडीची घाटात चाचणी

रिंग रोडवर एक चक्कर मारून कळतं ते एवढंच की एसी चालतो. आपल्या माणसांएवढं वजन आत बसवा आणि घाटात न्या.

महू, जाम गेट, मंडलेश्वर ही वाट चांगली. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर या आणि ब्रेक मोजून वापरा. खाली पोचल्यावर चारही चाकांजवळ जाऊन वास घ्या आणि हात लांब धरून उष्णता पाहा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथलं ब्रेकचं कॅलिपर अडकतंय. पेडल मऊ लागलं तर ब्रेक ऑइल जुनं आहे.

परत चढताना खरी परीक्षा. दुपारी, एसी चालू ठेवून चढा. निमाडातल्या उन्हात तापमानाचा काटा मध्येच राहिला तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचा पंप ठीक. चढणीच्या मध्यावर थांबून पुन्हा निघा: हँडब्रेक धरतो का, क्लचचा वास येतो का ते पाहा. खंडवा रोडवरचा भेरूघाटही चालतो, पण तिथे ट्रक फार, मनासारखं थांबता येत नाही.

उंचीची परीक्षा इथे होत नाही. इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे. ती उणीव तिसऱ्या टप्प्यातल्या हिशोबानेच भरून काढायची.

## टप्पा ८: कागद

इंदुरात दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्या पुष्कळ विकायला असतात. त्यांत पैसे देण्याआधी एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात घ्या. ‘येईल आठ दिवसांत’ यावर बयाणा देऊ नका. बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांत इथल्या क्रमांकावर घ्यावी लागते आणि मध्य प्रदेशचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. चासी क्रमांक कागदावर पेन्सिल घासून उमटवून घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. थकलेली चलानं परिवहनच्या पोर्टलवर दिसतात. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

पुढचे लोखंडी बुल बार डिसेंबर २०१७ पासून बेकायदा आहेत. ते गाडीबरोबर ‘फ्री’ मिळत असतील तर काढून द्यायला सांगा. एअरबॅगच्या सेन्सरला त्यांचा अडथळा होतो, शिवाय पुढच्या आसावर वजन वाढतं.

नेपाळला भारतीय क्रमांकाच्या गाडीला सीमेवर भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरून प्रवेश मिळतो, कार्ने (परदेशात गाडी नेण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज) लागत नाही. त्यासाठी आरसी मूळ प्रतीत आणि शक्यतो चालवणाऱ्याच्याच नावावर असू द्या.

## टप्पा ९: घेतल्यानंतरचा क्रम

लोक आधी दिवे आणि कॅरिअर लावतात, ऑइल बदलायचं राहून जातं. क्रम असा ठेवा:

१. सगळी तेलं आणि द्रवं: इंजिन, गिअर, डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, ब्रेक, कूलंट. जुन्या गाडीत मालक काहीही म्हणो, सगळी बदला.
२. रबर: बेल्ट, रेडिएटरच्या नळ्या, वायपर. काढलेला बेल्ट चांगला असेल तर फेकू नका, तो सोबतचा जादा.
३. टायर, अलाइनमेंट, पूर्ण मापाची स्टेपनी.
४. बॅटरी तपासणी.
५. त्यानंतरच सामानाची मांडणी. जड वस्तू खाली आणि मागच्या सीटला चिकटून, हलक्या वर.

हे झाल्यावर सगळं भरून दोन दिवसांची एक फेरी करा, मांडू किंवा पचमढी. परत आल्यावर गाडी पुन्हा काट्यावर घाला. फेरीत ज्या वस्तूला हात लागला नाही ती काढून ठेवा. टायर बदलल्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरवर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, आकडा पुस्तिकेतला घ्या. दुकानातल्या हवेच्या गनने ते इतके आवळलेले असतात की गाडीतल्या पान्याने रस्त्यावर सुटत नाहीत. म्हणून घराच्या अंगणातच एकदा स्वतः चाक काढून लावा, जॅक कुठे टेकतो ते पाहा, आणि पाना डिकीच्या तळाशी न ठेवता सीटखाली ठेवा.